माडीवरचं वजन

लातुरात एखाद्या जुन्या घराची माडी खचली, की शेजारीपाजारी आधी विचारत, "मग पाडणार कधी?" आणि त्यातलाच कुणी जाणता म्हणे, "पाडायच्या आधी एकदा तुळजाबाईला दाखवा की."

तुळजाबाई रेणापूरजवळच्या खेड्यातल्या सटवाजी नावाच्या शेतकऱ्याची लेक. बापानं जन्मभर तूर आणि सोयाबीन पिकवलं. लेकीनं पॉलिटेक्निकला बांधकामाचा डिप्लोमा केला आणि लातुरात ठेकेदारी मांडली. नवे स्लॅब टाकणारे ठेकेदार शहरात गल्लोगल्ली होते. जुनं घर सावरणारी ती एकटीच. झुकलेली भिंत, बसलेला पाया, मधोमध खाली आलेली माडी, असलं काम दिसलं की तिच्या चालण्यात फरक पडायचा. "मी टेका दिलेलं घर अजून एक बी पडलं न्हाई," हे ती चहाच्या टपरीवर सांगे आणि महापालिकेच्या साहेबासमोरही सांगे. ऐकणाऱ्याला गर्व वाटला तर वाटो. तिचं म्हणणं असं, की खऱ्या गोष्टीचा गर्व नसतो, हिशेब असतो.

अशा या बाईकडे दिवाळीनंतर एके दिवशी माणिकप्पा स्वतः चालत आले. पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर विभूती, हातात काठी. ती काठी टेकण्यापेक्षा बोलताना रोखण्यासाठीच जास्त वापरत. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. खाली पूर्वी तूरडाळीचं दुकान होतं, आता बंद. वर माडी.

"पोरगा म्हणतोय पाडू," माणिकप्पा म्हणाले. "शिवकुमारला तिथं क्लासच्या पोरांसाठी हॉस्टेल काढायचंय. दोन इंजिनिअर आणले त्यानं. दोघं बी म्हणले, अप्पा, माडी गेली. मी म्हणलं, तुळजाबाई म्हणली तर गेली."

"आणि मी म्हणले न्हाई गेली, तर?"

"तर महाशिवरात्रीपर्यंत मुदत दिलीय त्यानं. माडीची जमीन सरळ झाली की घर ऱ्हाईल. न्हाई झाली तर उन्हाळ्यात पाडणार." त्यांनी काठी तिच्याकडे रोखली. "आमच्या आज्जानं किनवटच्या जंगलातून सागवान आणलं होतं, रेल्वेनं. त्र्याण्णवच्या भूकंपात आख्ख्या गल्लीच्या भिंती फाटल्या. ह्या घरात खुंटीवरची टोपी सुदिक पडली न्हाई. आता काय असं झालं, मला सांग."

तुळजाबाई त्याच दुपारी गेली. सोबत दयानंद मिस्त्री. तिच्याइतक्याच वयाचा, सडपातळ आणि बोलायला लागला की न थांबणारा. ती ठेकेदार झाली तेव्हापासून तो तिच्याबरोबर होता आणि तिला अक्का म्हणायचा.

घर बघायची तिची रीत ठरलेली. आधी वर जायचं नाही. खाली उभं राहायचं, मान वर करायची आणि गप्प बघत राहायचं. बंद दुकानात अजून डाळीचा आणि गोणपाटाचा वास कोंडलेला होता. दाराच्या फटीतून गल्लीतल्या रिक्षांचे आवाज येत होते. डोळे अंधाराला सरावले तशा तिला छताच्या कड्या दिसल्या. एका भिंतीतून निघून दुसऱ्या भिंतीत शिरलेल्या, तेल पाजलेल्या, काळसर सागवानी कड्या. त्यांच्यावर फळ्या. आणि त्या सगळ्या मधोमध खाली आलेल्या. बाजेवर जड माणूस निजला की खालून जशी नवार दिसते, तशा.

"लई आलीय अक्का खाली," दयानंद म्हणाला.

"दिसतंय. का आलीय ते शोध."

माडी खचायला कारणं मोजकीच असतात. वाळवी लागते. भिंतीत शिरलेलं कडीचं टोक ओल धरतं आणि कुजतं. नाहीतर कुणी शहाणा दुकान मोठं दिसावं म्हणून मधला खांब काढून टाकतो. दयानंदनं शिडी लावून एकेक कडी हातोडीनं वाजवली. प्रत्येकीतून टणटणीत आवाज आला. तुळजाबाईनं स्वतः चढून भिंतीजवळच्या टोकांत पेचकस खुपसून बघितला. तो आत जाईना. खांब कधी नव्हताच, आणि कड्या एवढ्या जाडजूड होत्या की खांबाची गरजही नव्हती.

"लाकूड तर नव्या नवरीसारखं हाय," दयानंद शिडीवरून म्हणाला.

"मग वाकलं कशानं?"

"वजनानं."

तुळजाबाईनं माणिकप्पांकडे बघितलं. "वर काय ठेवलंय अप्पा?"

"काय न्हाई."

"आधी ठेवत असाल. पोत्यांची थप्पी, तिजोरी, कायतरी?"

"माडीवर माल चढवायचा न्हाई, हा आज्जाचा दंडक. कधी चढवला न्हाई."

आतल्या दारात माणिकप्पांची बायको मल्लम्मा सुपात डाळ निवडत बसली होती. माहेर बिदरकडचं, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेली. तिनं सुपावरची नजर वर केली नाही.

"ठेवणार कुठं?" ती म्हणाली. "जागा न्हाई तिथं."

जिना घराच्या आतूनच होता, लाकडी आणि उभा. तुळजाबाई वर गेली. माडी म्हणजे एकच लांब खोली. गल्लीकडे दोन खिडक्या, भिंतीला चुना, कोपऱ्यात एक रिकामी खुंटी. बाकी काही नाही. ना पेटी, ना पलंग, ना साधी चटई. खिडकीतून आलेलं ऊन रिकाम्या जमिनीवर पडलेलं होतं, आणि ती जमीन चारी बाजूंनी मध्याकडे उतरत गेली होती, परातीसारखी.

जागा नाही म्हणजे काय, हे विचारायला ती वळली. पण मल्लम्मा वर आलीच नव्हती. माणिकप्पाही जिन्याच्या तोंडाशी थांबले होते. ती एकटीच भिंतीच्या कडेकडेनं फिरली. कडेच्या फळ्यांवर धुळीचा पातळ थर होता. मधल्या फळ्या मात्र लख्ख होत्या. पुसल्यासारख्या नाहीत, वापरल्यासारख्या. दगडी जिन्याचा कठडा हात लागून लागून गुळगुळीत होतो, तशा.

खाली येऊन तिनं माणिकप्पांना सांगितलं, "घर पाडायचं न्हाई. जमीन सरळ होती. माझा जिम्मा."

"पक्का?"

"एका बोटाचा फरक ऱ्हायला तरी लातुरात धंदा करायची न्हाई."

ते ऐकून माणिकप्पांनी मुंडासं सारखं केलं आणि समोरच्या पानवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं का रे?"

काम सुरू झालं. नुसता खाली एक खांब ठोकून माडी वर ढकलणारे ठेकेदार तुळजाबाईनं लई बघितले होते. चार महिन्यांत खांबच फरशीत शिरतो आणि माडी पुन्हा होती तिथं. तिनं आधी दुकानातली शहाबादी फरशी उचलून खड्डे घेतले, काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत. त्यात सिमेंटचे पाये भरले आणि ते पुरते पक्के होईस्तोवर कशालाही हात लावू दिला नाही. मग कड्यांना आडवा, छताच्या मधोमध, लोखंडी गर्डर घेतला. गर्डरखाली स्क्रू जॅक. जॅकचा दांडा फिरवला की गर्डर वर, गर्डर वर की कड्या वर. पण एका दिवसात नाही. रोज थोडा फिरवायचा आणि थांबायचं.

"जुनं लाकूड म्हाताऱ्या माणसासारखं असतंय," ती दयानंदला दर कामावर हेच सांगे. "वाकायला वर्षं लागली, तर उठायला बी येळ द्यावा. घाई केली की कडकन मोडतंय."

पहिल्याच दिवशी दयानंदनं मधल्या जॅकचा दांडा धरला आणि तो फिरेना. त्यानं अंगाचा भार टाकला. मानेच्या शिरा फुगल्या. दांडा जागचा हलला नाही.

"वर धान्य भरलंय का काय!" तो वैतागून म्हणाला आणि ताडताड जिना चढून गेला. थोड्या वेळानं खाली आला तेव्हा हळू हळू आला. काही बोलला नाही. दयानंद काही बोलला नाही, हीच नवलाची गोष्ट होती. तुळजाबाईनं विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "काय न्हाई वर. रिकामं हाय," आणि हात पंच्याला पुसत राहिला.

तिनं कागद घेऊन हिशेब मांडला. फळ्यांचं वजन, कड्यांचं वजन. एवढ्याला तो जॅक करंगळीनं फिरायला हवा होता. तिनं दुसरा, मोठा जॅक मागवला. तो फिरला, पण कण्हत.

छताखाली तिनं एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणून दोरी बांधली होती, माडी किती वर आली ते कळावं म्हणून. सगळ्यात खाली आलेल्या फळीवर खडूनं खूण केली होती. एका दुपारी दयानंद सिमेंट आणायला गेला, आणि ती दुकानात एकटीच भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसली. गल्ली जेवणाच्या वेळेला शांत झाली होती. मग कुठल्याशा क्लासची सुट्टी झाली आणि पोरांचा लोंढा हसत, ओरडत, सायकलच्या घंट्या वाजवत गल्लीतून जायला लागला.

वरच्या फळ्या करकरल्या.

तिनं घास हातात धरून वर बघितलं. मधली कडी किंचित वर उचलली गेली, ओझं उतरल्यासारखी. मग तिच्या शेजारची खाली दबली आणि पुन्हा वर आली. मग तिच्या पुढची. असं करत करत ते दबणं गल्लीकडच्या भिंतीशी गेलं, खिडकीखाली, आणि तिथं थांबलं. मधला जॅक सैल झाला होता. तिनं उठून दांड्याला बोट लावलं, तर तो बोटानं फिरला.

पोरांचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला. फळ्या पुन्हा करकरल्या. एकेक कडी दबत, उठत, ते परत मधोमध आलं. दांड्यावर ठेवलेल्या तिच्या बोटाखाली लोखंड घट्ट झालं.

तुळजाबाईच्या हातातला घास तसाच होता. मागं पाऊल वाजलं. मल्लम्मा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"अव्वा," तुळजाबाई म्हणाली, "वर..."

"खिडकीपाशी जातात जरा," मल्लम्मा म्हणाली. "पोरंबाळं दिसतात."

"कोण?"

मल्लम्मानं तांब्या खाली ठेवला आणि पदर सावरून आत निघून गेली.

दयानंद परत आल्यावर तुळजाबाईनं त्याला सगळं सांगितलं. लपवायचं कशाला? तो पोत्यावर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"मी त्या दिशी वर गेलो ना अक्का, तवा जमिनीच्या मधी पाय टाकला. फळी माझ्या पायाखाली दबली न्हाई. आधीच दबलेली होती ती. आणि गरम होती. कुणी नुकतंच उठून गेलंय अशी." तो तिच्याकडे बघेना. "हे आपलं काम न्हाई. कुणी देवऋषी बघा म्हणावं त्यांना. आपण पैसे परत देऊ आन निघू."

तुळजाबाईनं छताकडे बघितलं. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते जास्त घट्ट होतं. आयुष्यभर तिनं एकच गोष्ट केली होती. वरचं वजन धरायचं आणि ते मोडतोड न होता खाली जमिनीपर्यंत न्यायचं. पाण्याच्या टाकीचं असो, बाळंतिणीच्या पलंगाचं असो, वऱ्हाडाचं असो. कड्या कधी विचारत नाहीत, कोण बसलंय म्हणून.

"वजन हाय ना दयानंद?"

"हाय की."

"मग आपलंच काम हाय. हिशेब चुकला होता, एवढंच. आता बरोबर धरू."

दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक गर्डर मागवला, खिडकीच्या बाजूला घ्यायला. त्याच्याखालीही खड्डे, पाये, जॅक. शिवकुमार बघायला आला होता. पांढरा शर्ट, हातात मोटारीची किल्ली. तो म्हणाला, "रिकाम्या खोलीला एवढं लोखंड? हत्ती बांधणार का बाई?"

"तुमच्या घरात जेवढं हाय, तेवढं धरायला पाहिजे ना," ती म्हणाली. त्याला ते कळलं नाही. माणिकप्पांनी मात्र तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि मान खाली घातली. घराण्यातल्या वडील माणसापुढे घालतात तशी.

नवे पाये पक्के झाले त्या सकाळी तुळजाबाई एकटी माडीवर गेली. चप्पल खाली काढली. दारातच थांबली. ऊन मधोमध पडलं होतं.

असं रिकाम्या खोलीशी बोलणं तिला जमणारं नव्हतं. तरी तिनं पदर खोचला आणि कामावरच्या गवंड्यांना सांगते त्याच आवाजात सांगितलं, "मी तुळजाबाई. रेणापूरकडची. खालून जमीन उचलतेय. रोज थोडी थोडी उचलते. धक्का लागू देणार न्हाई. पण जॅक फिरवताना जरा भार कमी केला तर बरं होईल."

काही झालं नाही. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

मग खोलीच्या मधल्या फळ्या हलल्या. मोठा आवाज नाही. निजलेलं माणूस कुशीवर वळतं, तेवढाच. तिच्या पावलांखालची फळी थरथरली आणि थांबली.

ती खाली आली ती थेट मधल्या जॅकपाशी. "धर रे दांडा."

दयानंदनं दांडा धरला. त्याच क्षणी कड्या हलकेच वर उचलल्या गेल्या. आजाऱ्याचं अंथरूण सारखं करायचं असलं की तो जसं जोर करून अंग उचलून धरतो, तशा. "फिरव!" तुळजाबाई ओरडली. दांडा सरसर फिरला. मग वजन पुन्हा टेकलं, सावकाश, सांभाळून. आतल्या दारातून मल्लम्माचा आवाज आला. ती छताकडे बघत होती.

"निधान," ती म्हणत होती. कानडीत, सावकाश म्हणून. "निधान, निधान."

त्यानंतर रोज तसंच होत गेलं. दयानंद दांडा धरे, वर भार उचलला जाई, तो फिरवे, भार टेके. पहिले काही दिवस त्याचे ओठ सतत हलत असत. नंतर त्याची बडबड परत आली. एकदा तर दांड्याला तेल देताना वर बघून म्हणाला, "थांबा जरा, एवढं तेल घालू द्या." आणि ते थांबले. तो तुळजाबाईकडे बघून हसला, आणि मग दोघांचंही हसू मावळलं.

गल्लीकडच्या भिंतीला नवी भेग गेली नाही. खिडक्यांची कवाडं कित्येक वर्षं घासत होती, ती मोकळी उघडायला लागली. महाशिवरात्रीच्या आधी दोरी आणि कड्या एका रेषेत आल्या. गर्डरखाली पक्के खांब उभे राहिले, डोक्याला लोखंडी पाट, पायाला सिमेंट. एकेक करून जॅक उतरवले. शेवटचा जॅक काढताना तुळजाबाईनं दयानंदला बाजूला सारून दांडा स्वतः धरला. खांबांनी भार घेतला. कुठंही टक् झालं नाही.

शिवकुमारनं त्याच दोन इंजिनिअरांना पुन्हा बोलावलं. त्यांनी पाण्याची नळी लावून खोलीचे चारी कोपरे तपासले, मग मधला भाग. पाणी दोन्ही टोकांना एका उंचीवर. त्यातला वयस्क होता तो खाली येऊन खांबांवरून हात फिरवत म्हणाला, "बाई, हे काम पोरांना दाखवायला आणीन मी."

"आणा," तुळजाबाई म्हणाली. "बिनधास्त आणा."

आणि शिवकुमारनं बापाच्या पायाला हात लावला. "ऱ्हाऊ दे अप्पा," तो म्हणाला. "हॉस्टेल दुसरीकडं बघतो."

माणिकप्पांनी माडीवर जेवण घातलं. त्या घराच्या माडीवर पहिल्यांदाच पंगत बसली. गल्लीतले लोक आले, गंजगोलाईतले जुने व्यापारी आले. सागवानी फळ्यांवर ताटं मांडली. गव्हाची गोड हुग्गी, वर तुपाची धार, भजी, शेंगदाण्याची चटणी. मल्लम्मा स्वतः वाढत होती. माणिकप्पा काठी टाकून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर जमिनीवर पाय आपटून म्हणाले, "बघा! बघा मजबुती! आमच्या आज्जाचं लाकूड आणि ह्या बाईचं डोकं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुळजाबाईनं मान खाली घातली नाही. का घालावी? तिनं सगळ्यांकडे बघितलं, एकेकाचा आनंद डोळ्यांत भरून घेतला. आणि तेव्हा तिला दिसलं, की पंगत चारी भिंतींना धरून बसली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दारात माणसं खोळंबून उभी होती, कडेला बसलेले एकमेकांच्या मांडीला मांडी लावून अंग चोरून बसले होते. मधली जागा मात्र सगळी मोकळी होती. मल्लम्मासुद्धा वाढताना तिला वळसा घालत होती.

तिच्या ताटात हुग्गी वाढायला मल्लम्मा वाकली, तेव्हा कानाशी हळूच म्हणाली, "लई उपकार झाले बाई. खळग्यात बसलं की उठवत न्हाई माणसाला."

जेवणं आटोपली. लोक हात धुऊन, पान घेऊन जिन्यानं खाली उतरले आणि बोलत बोलत पांगले. माणिकप्पा ओट्यावर लोडाला टेकून लगेच झोपी गेले. दयानंद हत्यारं घेऊन पुढं गेला होता. तुळजाबाई खाली दुकानात थांबली. एवढी माणसं वर बसून उठली, तर खांबांनी काय केलं ते बघायचं होतं. हे ती दर कामावर करायची.

कडेचे खांब ठीक होते. खिडकीकडचे ठीक होते. तिनं मधल्या खांबावर तळवा ठेवला.

भार होता. पंगत उठून गेली होती, तरी होता.

मग तळव्याखाली खांब किंचित थरथरला. आणि मोकळा झाला.

खिडकीकडे काही गेलं नाही. कड्या दबल्या त्या उलट्या दिशेनं, जिन्याकडे. एक. मग पुढची. त्यांच्यात आता उतार नव्हता, चढही नव्हता.

जिन्याची वरची पायरी करकरली.

तुळजाबाई खांबाला पाठ लावून उभी राहिली. पळावं असं तिच्या मनात आलं नाही. तिनं फक्त वाटेतली घमेली पायानं बाजूला सरकवली.

पायरीमागून पायरी दबत गेली. मधे एकदा ते दबणं थांबलं, दम खाल्ल्यासारखं. शेवटची पायरी कितीतरी वेळ वाकलेलीच राहिली. मग ती सरळ झाली. आणि तुळजाबाईच्या अंगावरून थंड नव्हे, उबदार हवा गेली. तिला विभूतीचा आणि जुन्या सागवानाचा वास आला.

आतल्या दारात मल्लम्मा डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उभी होती, आजेसासऱ्यापुढं सून उभी राहते तशी. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा असा होता, की जणू मोठं लग्न निर्विघ्न पार पडलंय.

दुकानाचं पुढचं दार उघडंच होतं. बाहेर भर दुपारचं ऊन. तुळजाबाई उंबऱ्यापर्यंत आली. समोर पानाच्या टपरीच्या सावलीत एक रिक्षा उभी होती. जेवणाला आलेल्या कुणालातरी सोडून चालक तिथंच टेकला होता. पुढच्या सीटवर पाय वर घेऊन विडी ओढत होता. गल्लीत दुसरं माणूस नव्हतं.

रिक्षा मागच्या बाजूनं खाली बसली. हळूहळू, चाकं दबेपर्यंत.

चालकानं मागं न बघताच पाय खाली घेतले. "कुठं जायचं?" त्यानं विचारलं, आणि मान जरा कलती करून ऐकलं.

"एवढ्या लांब?" तो म्हणाला.

मग त्यानं आरशात बघितलं. तोंडातली विडी काढून घाईघाईनं बाहेर टाकली, अंगातल्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाला, "बरं, बरं. बसा नीट."